वंशावळीतली एक ओळ

मृणाली बैसाणे आरोग्यसेविका म्हणून नोकरीला लागली, तेव्हा नेमणुकीच्या पत्रात एक अट होती. सहा महिन्यांत जात पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही, तर नोकरी गेली. त्यातले चार महिने जामनेर तालुक्यातल्या उपकेंद्रावर लसी टोचण्यात आणि गरोदर बायांची वजनं घेण्यात निघून गेले होते. पडताळणीला वडिलांच्या शाळेचा दाखला लागतो. आणि तिचे वडील, भाईदास बैसाणे, ती सात वर्षांची असताना घरातून गेले ते परत आलेच नव्हते.

भाईदास लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत दोन-दोन महिने बाहेर असायचे, त्यामुळे त्या उन्हाळ्यात "सुरतेला सीझन आहे" म्हणून ते निघाले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पावसाळा आला, दिवाळी आली. मग बँडमधल्याच कुणीतरी सांगितलं, धुळ्यात त्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे. रुक्माबाईने, मृणालीच्या आईने, जळगावच्या डाळमिलमध्ये डाळ निवडून मुलीला शिकवलं. धुळ्याला ती कधी गेली नाही. 'धुळेवाली' हा शब्द मात्र त्यांच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा.

दाखल्यासाठी मृणाली अमळनेरकडच्या वडिलांच्या गावी गेली. तिथे त्यांचं आता कुणीच उरलं नव्हतं, शाळा तेवढी होती. मुख्याध्यापक गिरधर गुरुजी निवृत्तीला आले होते. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत नाव शोधलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"या दाखल्याची दुय्यम प्रत गेल्या महिन्यातच नेलीय की. तुझा भाऊच येऊन गेला."

"मला भाऊ नाही, गुरुजी."

गुरुजींनी फाइलमधून एक अर्ज काढून तिच्यासमोर ठेवला. निळ्या शाईत, नीटस अक्षरात लिहिलेला. अर्जदार प्रशील भाईदास बैसाणे. वय एकोणीस. राहणार धुळे. खाली मोबाइल नंबर.

मृणालीने तो नंबर उतरवून घेतला. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "पे, बेटा. पानी पे."

शाळेबाहेरच्या लिंबाखाली उभं राहून तिने फोन लावला.

"हॅलो, प्रशील बैसाणे का? मी जळगावहून बोलतेय. मृणाली. भाईदास बैसाणेंची मुलगी."

पलीकडे कुठलंतरी मशीन चालू होतं, ते बंद झालं.

"ते कसे आहेत?" पोराने विचारलं.

"कोण?"

"पप्पा. तुमच्याकडेच आहेत ना ते?"

मृणालीला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. मग तिच्या लक्षात आलं, की हाच प्रश्न विचारायला आपण फोन केला होता.

"आमच्याकडे सतरा वर्षांत आले नाहीत," ती म्हणाली.

"आमच्याकडे दहा वर्षांत," तो म्हणाला. "आई म्हणते, जळगावच्या बाईकडे गेले."

पुढच्या रविवारी ती धुळ्याला गेली. बसस्थानकासमोरच्या पोह्यांच्या गाडीपाशी प्रशील उभा होता. उंच, हडकुळा, शर्ट इस्त्री केलेला. फार्मसीला त्याला प्रवेश मिळाला होता, पण तोही पडताळणीच्याच अटीवर. सुट्टीत तो झेरॉक्सच्या दुकानात काम करायचा. तिला काय म्हणावं हे त्याला कळेना, म्हणून तो 'मॅडम' म्हणत राहिला.

दोघांनी पोहे मागवले आणि दोघांनीही ते नीट खाल्ले नाहीत. बोलणं वडिलांवरच येत होतं. प्रशीलला ते जास्त आठवत होते. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो त्यांच्याबरोबर राहिला होता. ते क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी ओली करायला ती तोंडात धरून बसायचे आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. वरातीहून आले की खिशातून बुंदीचा लाडू काढायचे.

"मला पिपाणी म्हणायचे," प्रशील हसून म्हणाला. "मी फार रडायचो म्हणे लहानपणी."

मृणालीने मान खाली घातली. तिलाही ते पिपाणीच म्हणायचे. सतरा वर्षं तिने ते नाव कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांचं तेवढंच एक आपल्या वाटणीला आलंय, असं तिला वाटायचं. प्रशीलला तिने ते सांगितलं नाही.

मग कागदांचं बोलणं निघालं आणि खरी अडचण समोर आली. वडिलांचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, म्हणून प्रशीलची फाइलही जळगावच्याच समितीकडे गेली होती. त्यात वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं. पणजोबा, आजोबा, भाईदास, आणि भाईदासच्या खाली एकच ओळ: प्रशील, एकुलता एक. भाईदासची पत्नी कुंदाबाई. मृणालीनेही तोच दाखला लावून अर्ज केला, तर तिच्या वंशावळीत त्याच भाईदासच्या खाली रुक्माबाई आणि मृणाली येणार. एकाच माणसाच्या दोन वंशावळी. दोन्ही फाइली अडकणार, आणि प्रशीलचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरणार.

"मला माहीतच नव्हतं, तुम्ही आहात म्हणून," तो कळवळून म्हणाला. "आईने सांगितलं तसं लिहिलं. शप्पथ."

"तुझा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी मृणालीने समितीच्या कार्यालयात, नावं न घेता, अशा वेळी काय करतात ते विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. वडील हयात असतील तर त्यांनी स्वतः नोटरीसमोर दोन्ही मुलं माझीच असं प्रतिज्ञापत्र करावं, मग दुरुस्ती होते. नाहीतर चौकशी. चौकशीला वर्षही लागतं.

म्हणजे वडील शोधायलाच हवे होते.

धुळ्यातला बँडमालक लीलाधर भाईदासना ओळखत होता. "त्याचे पुढचे दात गेले," तो म्हणाला. "दातांशिवाय क्लॅरिनेट धरता येत नाही. मग वाद्यंच उचलायचा. आता साक्रीकडे एका मंगल कार्यालयात राखण करतो असं ऐकलंय." त्याने पत्ता दिला, आणि दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "दोन्ही सोबत निघालात, बरं केलंत."

पुढच्या शनिवारी दुपारी दोघं तिथे पोचले. लग्न नव्हतं. मोठ्या रिकाम्या मांडवात खुर्च्यांच्या चळती होत्या आणि मागच्या पत्र्याच्या खोलीसमोर एक म्हातारा कढई घासत बसला होता. मृणालीच्या मनात जो माणूस होता तो रुंद खांद्यांचा, लाल कोट घातलेला, सोनेरी बटणांचा होता. हा लहानखुरा होता. गाल आत गेलेले.

"कोन शे?" त्याने विचारलं.

"पप्पा, मी प्रशील."

कढई हातातच राहिली. म्हातारा त्याच्याकडे बघून हसू लागला, मग त्याची नजर मृणालीकडे वळली आणि ते हसू तसंच अर्धं राहिलं. त्याने ओळखलं. दोघं आपल्यासमोर एकत्र उभी आहेत हेही त्याच्या ध्यानात आलं. तो पटकन उठला, ओले हात धोतराला पुसले आणि दाराकडे पाहिलं.

"तुमन्या माय बी येल शेतस का?"

"आया नाही आल्या," मृणाली म्हणाली. "आम्ही दोघंच आलोय."

मग तो निवळला. त्याने दोघांना खाटेवर बसवलं, स्टोव्हवर चहा ठेवला, साखर जास्त घातली. प्रशीलच्या डोक्यावरून हात फिरवला. मृणालीच्या डोक्याकडेही त्याचा हात गेला, पण मध्येच थांबला. ती नोकरीला लागली हे ऐकून तो म्हणाला, "सरकारी?" आणि पुन्हा पुन्हा मान हलवत राहिला.

बसमध्ये तिने बरंच काही ठरवलं होतं. का गेलात? आईने काय केलं होतं? मी काय केलं होतं? पण त्याच्या बोळक्या तोंडाकडे बघून तिला त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिने कागदांचं तेवढं सांगितलं. धुळ्याला यायचं, नोटरीसमोर एक अंगठा किंवा सही, की झालं.

"पोलीस नही ना?"

"नाही हो. कुणीही काही विचारणार नाही. दोघं तुमची मुलं आहोत, एवढंच सांगायचं."

"ते तं खरंच शे," तो म्हणाला. "बठ्ठं मनंच चुकनं. आठे ऱ्हायनू तं तठली याद ये, तठे ऱ्हायनू तं आठली. मंग कोठेच ऱ्हावाले जमनं नही."

इथे असलं की तिथली आठवण, तिथे असलं की इथली, आणि शेवटी कुठेच राहणं जमलं नाही, हे ऐकून प्रशील रडू लागला. मृणालीला रडू आलं नाही. तिला संताप यायला हवा होता, तोही आला नाही.

"सोमवारी दहा वाजता मी स्टँडवर घ्यायला येतो," प्रशील डोळे पुसत म्हणाला. "याल ना?"

"येसू. येसू ना, बेटा."

निघताना प्रशील त्यांच्या पाया पडला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला, आणि पहिल्यांदाच म्हणाला, "ताई, ते येतील ना?"

"म्हणाले ना येतो."

सोमवारी मृणालीने रजा टाकली. दहा वाजल्यापासून ती दोघं धुळ्याच्या स्थानकावर साक्रीकडून येणाऱ्या प्रत्येक बसपाशी जाऊन उभी राहिली. उतरणारा प्रत्येक म्हातारा बघून झाला. दुपारी दोनला प्रशीलने मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला.

"भाईदास? तो कालच गेला. वळकटी, भांडी सगळं घेऊन. मी विचारलं, कुठे चाललास, तर म्हणाला, लेकीला सरकारी नोकरी लागलीय, आता तिच्याकडेच राहायला चाललो."

प्रशीलने फोन ठेवला. तिच्याकडे बघण्याचं त्याला धैर्य होईना. एक जळगावची बस लागली, सुटली. आणखी एक लागली.

"माझ्या घरी चल," अखेर तो म्हणाला. "आईला सांगू. काय व्हायचं ते होऊ दे."

कुंदाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली लग्नाचा एक फोटो. 'धुळेवाली' मृणालीला नेहमी भपकेबाज साडीतली वाटायची. ही तिच्या आईसारखीच होती, टाचांना भेगा पडलेली. तिने सगळं ऐकून घेतलं. नंतर उठून तिने मृणालीला जेवायला वाढलं.

जेवण झाल्यावर म्हणाली, "तुझ्या आईचं लग्न कधीचं, पोरी?"

"अठ्ठ्याण्णव सालचं."

"माझं दोन हजार तीनचं. विहारात लागलं, सगळ्या वस्तीसमोर." ती फोटोकडे बघत होती. "मला म्हणाला होता, जळगावची नुसती ओळखीची बाई आहे. मी ते धरून बसले. आता त्या कागदावर तुझी आई आधी आणि मी नंतर, असं लिहून द्यायचं. म्हणजे मी त्याची कोण? वस्ती विचारेल. पोराचा प्रवेश गेला तर ते आणखी वेगळं."

"आई, पण ताईची नोकरी..."

"मला दिसतंय रे," कुंदाबाई म्हणाली. "ती काही खोटं मागत नाहीये. तू सांग पोरी, मी काय करू? तू म्हणशील तसं करते."

या बाईशी भांडायची मृणालीची तयारी होती. असं विचारलं जाईल, याची नव्हती.

"काही करू नका, मावशी," ती म्हणाली. "मी बघते काहीतरी."

बघण्यासारखं काही नव्हतं हे तिघांनाही कळत होतं. प्रशील तिला बसपर्यंत सोडायला आला. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. रुक्माबाईने विचारलं, "म्हणजे तो तिच्याकडे नव्हताच?"

"दहा वर्षांपासून नाही."

"मग मी इतकी वर्षं कुणाला शिव्या देत होते?" रुक्माबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. मृणालीने खालच्या बेबाबाईंकडून भाकरी मागून आणली, तर आई म्हणाली, "त्याचे दात खरंच गेले का गं?" आणि तोंडाला पदर लावला.

पुढे दोन-तीन आठवडे दाराशी कुणी आलं की दोघी दचकायच्या. लेकीकडे जातो म्हणाले होते. पण ते आले नाहीत. मृणालीने पडताळणीचा अर्ज टाकलाच नाही, नुसता मुदतवाढीचा केला. तो घेतला गेला, पोच मिळाली, उत्तर नाही. सहा महिने संपले त्या दिवशी तिला कार्यमुक्तीचं पत्र मिळालं. उपकेंद्रातल्या आशा कार्यकर्ती मयुरीने तिच्याकडून लसींच्या नोंदी ताब्यात घेतल्या आणि म्हणाली, "तुम्ही परत याल ना, मॅडम?" मृणाली हो म्हणाली.

अकरा दिवसांनी तिच्या मोबाइलवर प्रशीलचा संदेश आला. प्रमाणपत्राचा फोटो. त्याची पडताळणी झाली होती. तिने तो मोठा करून पाहिला, त्याचं नाव, मधे वडिलांचं नाव, शिक्का. पाहत असतानाच फोटो गेला. त्या जागी, संदेश हटवला आहे, एवढंच उरलं.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"ताई, चुकून गेला. मित्राला पाठवत होतो."

"मी पाहिला. अभिनंदन."

मागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं.

"ताई, आता तू अर्ज टाक. मी येतो, जे खरं ते सांगतो. काय व्हायचं ते होईल."

तो सांगेल तेव्हा त्याचं प्रमाणपत्र चौकशीत जाईल, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो मनापासून बोलत होता. तिला हो म्हणता येईना आणि नाही म्हणायलाही जीभ उचलेना.

"कॉलेज कधी सुरू होतंय?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"वेळेवर जा," ती म्हणाली. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. पलीकडे मशीन चालूच होतं, एकेक कागद बाहेर पडताना ऐकू येत होता.