फेब्रुवारीतला निरभ्र दिवस

ताईचं लग्न डोंगरावर कोणत्या महिन्यात करायचं, हे ठरवायला बाबांनी एकतीस वह्या काढल्या.

बाबा डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात निरीक्षक होते. एकतीस वर्षं रोज सकाळी आठला तापमान, वारा, ढग, पाऊस वहीत लिहायचे. घरात मात्र छत्री न्यायची का, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. ते सरासरी काढत बसायचे आणि तोवर आम्ही भिजून परत आलेलो असायचो. ताई लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर वर राहायची, म्हणून तिला लग्न तिथेच हवं होतं, केंद्राशेजारच्या विश्रामगृहात. होणारे भावोजी दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "मला कुठेही चालेल." हा माणूस आमच्या घरात टिकणार, हे मला तेव्हाच कळलं.

"ऑक्टोबरचा दुसरा आठवडा," बाबांनी निकाल दिला. "एकतीसपैकी सत्तावीस वर्षं आकाश निरभ्र. वारा नावाला."

अडचण एवढीच की हे बोलणं नोव्हेंबरमध्ये चाललं होतं. म्हणजे पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर. आणि बाबांच्या फुप्फुसांच्या डॉक्टरांनी मला आणि ताईला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं, "एवढं लांबचं धरू नका. जवळचं काही बघा." जसं काही आम्ही भाड्याची खोली शोधत होतो.

ताईने बाबांना गाठलं. "बाबा, आधी करूया ना. मला घाई आहे."

"कसली घाई? दातवाला पळून जातोय का?"

"गेला तर?"

"दातवाले पळत नाहीत. लोक त्यांच्यापासून पळतात." मग त्यांना खोकला आला, आणि तो संपल्यावर त्यांचा आवाज बदलला. "हे बघ. माझ्या दुखण्याकडे बघून तारीख हलवायची नाही. मी असो नसो, तुझ्या लग्नाला हवा चांगली हवी."

ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ सोडला की रडणं ऐकू जात नाही, असा आमच्या घरात समज आहे. भिंत एका विटेची आहे.

तेव्हा मी ठरवलं, हवामान बदलायचं.

बाबांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून वह्यांमधले आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं होतं. डिसेंबर-जानेवारी डोंगरावर जाणारा रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतो. त्यामुळे सगळ्यात जवळचा महिना फेब्रुवारी. डोंगरावर फेब्रुवारीइतका वाईट महिना नाही. तेव्हा वर जायचा विचार वाराच करतो. दुपारी बाबांचा डोळा लागला की मी एकेका वर्षाचा फेब्रुवारी दुरुस्त करायचो. वाऱ्याचे सत्तरचे सात केले. ढग काढून टाकले. चौथ्या दिवशी हात इतका बसला की एका वर्षी मी कोवळं ऊनही टाकलं.

"बाबा, गंमतच झाली," मी म्हणालो. "फेब्रुवारीचा तिसरा आठवडा ऑक्टोबरपेक्षा सरस निघतोय."

बाबांनी चष्मा काढला. "चौदावं वर्ष. एकोणीस फेब्रुवारी. वाच."

"वारा मंद. ताशी सहा."

"त्या दिवशी केंद्राचं छप्पर उडून खालच्या कुरणात पडलं होतं."

"जुनं झालं असेल."

"ताशी सहाच्या वाऱ्याने?"

"फार जुनं झालं असेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. या माणसाने एकदा पावसाचा एक दशांश चुकला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत चढून वही दुरुस्त केली होती. आई हे पाहुण्यांना अजून सांगते. चौदाव्या वर्षाची वही त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी ती उघडली नाही. वरची धूळ तेवढी पुसली.

"आकडेच म्हणतायत तर फेब्रुवारी," ते म्हणाले. "आकड्यांशी कोण भांडणार?"

आपण बापाला बनवलं म्हणून मी त्या दिवशी फार खूश होतो.

डॉक्टरांनी वर थांबायला दोन तास दिले होते, तेही ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट. म्हणून ताई, आई, भावोजी आणि सगळी पाहुणेमंडळी सकाळीच वर गेली. बाबा आणि मी बाराच्या डब्याने जाणार, साडेबाराला लग्न, दोनला खाली. बाबा नवा कोट घालून रोपवेच्या खालच्या स्टेशनात बसले होते. कोट दोन मापं मोठा होता. म्हणजे शिवला तेव्हा बरोबर होता.

साडेअकराला पत्रे वाजायला लागले. रोपवेवाल्याने खिडकी ओढून घेतली. "बंद. डबा नुसता हेलकावे खातोय."

"थोड्या वेळाने?" मी विचारलं.

"मला काय विचारता, यांना विचारा." त्याने बाबांकडे बोट दाखवलं आणि तो डब्याला साखळ्या बांधायला गेला.

बाबांनी काचेतून तारांकडे पाहिलं. "तीन दिवस," ते म्हणाले.

सिलिंडर संध्याकाळपर्यंतचा होता.

मी ताईला फोन लावून बाबांकडे दिला. फोन माझाच, आपला फोन हरवू नये म्हणून बाबा तो घरी ठेवतात. ताईचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता.

"मी पायऱ्यांनी खाली येते."

"बावीसशे पायऱ्या आहेत. बर्फ धरलेला असणार. एकही उतरायची नाहीस."

"मग उद्या करू."

"उद्या हेच. परवाही हेच."

"मग मी लग्नच करत नाही!"

"वेडाबाई, दातवाला एवढा वर आलाय." प्रत्येक शब्दामागे त्यांना थांबायला लागत होतं. "कर. फोन चालू ठेव. मी आहे इथे."

पलीकडे खुर्च्या सरकल्या, कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं. मी बाबांच्या गुडघ्याशी बसलो.

"बाबा, ते आकडे मी..."

"माहितीये."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी फोनवर तळवा ठेवला. बराच वेळ श्वास गोळा केला. "मलाही यायचं होतं रे," ते म्हणाले.

मला काहीतरी विनोदी सुचायला हवं होतं. मला नेहमी सुचतं.

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. दोनेक मिनिटांनी फोनने शेवटची टुंग केली आणि तो बंद पडला. सकाळी सगळ्यांनी कामं वाटून घेतली होती. माझ्याकडे सिलिंडर, गोळ्या आणि फोन चार्ज करणं होतं. बाबांनी फोन खाली घेतला नाही. मान थोडी वाकवून ते तसेच ऐकत राहिले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

त्यांनी हाताने मला गप्प केलं. मग म्हणाले, "अंगठ्या."

"आई रडतेय?"

"हसतेय. दातवाल्याच्या बोटात अंगठी जात नाहीये."

पत्रा एवढा वाजत होता की मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. "आणि ताई?"

त्यांनी फोन कानाशी आणखी दाबला.

"छान दिसतेय," ते म्हणाले. "वर आकाश निरभ्र आहे म्हणे."

सिलिंडरचा काटा अर्ध्याखाली आला होता. मी गाडी बोलवायला उठलो.

"थांब," बाबा म्हणाले. "अजून चाललंय."

मी परत खाली बसलो.