बाबांच्या खुर्चीवरची बोली

वडिलांनी सलून बंद केलं, तेव्हा त्यांची फिरती खुर्ची भंगारवाल्याकडे गेली होती. तीच खुर्ची ताईला एका लिलावाच्या साइटवर दिसली. खुर्चीच्या एका हातावर आईने शिवलेलं लाल ठिगळ होतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. बाबांना न सांगता ती घरी आणायची असं ठरवून तिने गुपचूप बोली लावली.

लगेच दुसऱ्या कोणीतरी बोली वाढवली. ताईने आणखी वाढवली, तरी समोरचा हटेना. साइटवर कोणाचं नाव दिसत नव्हतं, नुसता आकडा वर चढत होता. शेवटी वैतागून तिने धाकट्या भावाला फोन लावला.

"अरे, बाबांची खुर्ची लिलावात आलीये. पण कोणीतरी मेला हात धुऊन मागे लागलाय!"

भाऊ खो खो हसत सुटला. "ताई, तो मेला मीच गं!"

"गाढवा! म्हणजे आपणच भाव चढवत बसलोय?"

लावलेली बोली मागे घेता येत नव्हती. ताईची बोली सर्वांत वर होती, म्हणून भाऊ तिथेच थांबला. खर्च दोघांनी वाटून घेतला.

खुर्ची घरी आली. बाबांनी ती गर्रकन फिरवून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "केवढ्याला पडली?"

दोघं हसू दाबत एकमेकांकडे बघत राहिली.

"बरं, नका सांगू," म्हणत बाबांनी कपाटातून कात्री काढली आणि भावाला खुर्चीकडे ढकललं. "बस आधी. डोक्याचं नुसतं जंगल केलंयस."