मी झाकलेले वाफे

मी पाचट बोलतोय. ऊस तोडून कारखान्याला गेला की मागं शेतात जो वाळका पाला उरतो, तोच मी. पाटसजवळ हौसरावांच्या रानात मी वाढलो. ऊस उभा होता तोवर मीही हिरवागार होतो. तोडणी झाली आणि मला पेटवून द्यायचं ठरलं. तेवढ्यात मार्थामावशी टेम्पो घेऊन आल्या.

"आण्णा, हे मला द्या. वाफ्यात अंथरायचंय."

"न्या की, पेटवणारच हुतो," हौसराव म्हणाले. "पन भाजीत कचरा कशापायी?"

मलाही तेच कोडं पडलं होतं. कचरा माणसं घराबाहेर टाकतात, मला तर घरी नेत होते.

दौंडात चर्चच्या मागच्या आळीत मावशींचं घर. पुढं वांगी, मिरची, झेंडूचे वाफे. त्यांचे मालक शलमोनआबा जन्मभर मिशनच्या बंगल्यावर माळी होते. आता त्यांना काही आठवेनासं झालं होतं. खुरपं घेऊन वाफ्यात बसायचे, हराळीचं गवत तसंच ठेवायचे आणि वांग्याची रोपं उपटून त्यांचा व्यवस्थित ढीग लावायचे. मावशी पुन्हा रोपं आणायच्या, आबा पुन्हा उपटायचे.

मुलगी फेथ कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जायची. एकदा ती वैतागली.

"मम्मी, फाटकाला कुलूप लाव. पप्पांना घरातच बसू दे."

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "मातीतला मानूस हाय त्यो. वाफ्यात गवतच नसलं, तर उपटायचं मनात यायचंच न्हाई."

म्हणून मला आणलं होतं.

मावशींनी आधी हराळी खणून काढली, नवी रोपं लावली आणि त्यांच्या बुडाशी थोडी जागा सोडून माझा वीतभर जाड थर दिला. माझ्याखाली ऊन पोचेना. गवताचे कोंब पिवळे पडून तिथंच बसले. लव्हाळा तेवढा सुईसारखा मला टोचत वर यायचा, पण मावशी त्याला लगेच उपटायच्या. वांगी जोमानं वाढली. "भारी झालं गं," असं फेथसुद्धा म्हणाली. मला वाटलं, जमलं आपल्याला!

आबा मात्र सकाळी खुरपं घेऊन यायचे आणि उभेच राहायचे. माझ्यावरून हात फिरवायचे. "गवत कुठं गेलं?" असं विचारायचे. हळूहळू वाफ्यात यायचेच थांबले. ओट्यावर बसून राहायचे. ताटातली भाकरी तशीच उरायला लागली.

एका दुपारी त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मार्था, सायबांनी मला कामावरनं काढलं का?"

"आवं, काढतील कशाला?"

"मग काम का देत न्हाईत?"

मावशी उठल्या. तडक भिंतीकडच्या वाफ्याशी आल्या आणि मला कवळ्या भरभरून बाहेर काढलं. मी गोंधळून गेलो. गवत अडवायला सांगितलं, ते मी अडवलं. मग माझं चुकलं तरी काय?

पुढं जे पाहिलं, त्यानं तर आणखीच गोंधळलो. मावशींनी रस्त्याकडेची हराळी मुळासकट आणली आणि त्या मोकळ्या वाफ्यात एकेक काडी दाबून लावली. एवढ्यात फेथ शिफ्टवरून आली. ती फाटकातच थबकली. आईचंही डोकं फिरलं की काय, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर होती.

"मम्मी, तू गवत लावतीस?"

"व्हय. वर तांब्याभर पानी घाल, न्हाईतर मरंल उन्हानं."

फेथनं ओट्यावरच्या आबांकडं पाहिलं. मग डबा ओट्यावर ठेवून ती पाणी आणायला गेली.

आता आबा रोज त्या वाफ्यात बसतात. हराळी निघता निघत नाही, हे बरंच झालं. काल ते मावशींना म्हणाले, "उरलेलं उद्या काढतो, आज दमलो." आणि भाकरी मागून घेतली.

बाकीच्या वाफ्यांत मी काळा पडलोय, कुजतोय. माझ्याखाली गांडुळं झालीत. थोड्या दिवसांत मी मातीच होईन. कुठलं गवत दाबायचं आणि कुठलं वाढू द्यायचं, हे मला काही उमगलं नाही. तुम्ही मला पेटवू नका, खुशाल तुमच्या बागेत न्या. फक्त एखादा कोपरा कुणासाठी उघडा ठेवायचा असेल, तर अंथरायच्या आधीच सांगा. माझं मला ते कळत नाही.