हळू आवाजाचा माणूस

मी आठवडाभर शाळेत इतिहास शिकवतो आणि शनिवारी कुत्र्यांकडून चावून घेतो. दोन्ही कामांना जाड कातडी लागते. शनिवारची क्लबकडून मिळते, एवढाच फरक.

पीलच्या दलदलीच्या कडेला आमचा कुत्र्यांचा क्लब आहे. एक मैदान, पत्र्याची शेड, कधीच गरम कॉफी न देणारं यंत्र आणि हुब. हुब निवृत्त गवंडी. चाळीस वर्षं तो कुत्री तयार करतोय. त्याची कुत्री पोलिसांत जातात आणि अलीकडे घरं राखायलाही जातात. हे दुसरं गिऱ्हाईक त्याला आवडत नाही. "पोलीस कुत्रा मागतात. ही माणसं झोप मागतात. ती मी कुठून आणू?"

लिडविन फेब्रुवारीत आली. दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करणारी, चाळिशीची बाई. एकटीच आली होती. आठ वर्षांची मुलगी मौड पोहायच्या वर्गाला गेली होती.

"कोणासाठी हवाय कुत्रा?" हुबनं विचारलं.

"चोरांसाठी."

"चोरांसाठी लोक दाराला घंटी बसवतात, बाई."

तिनं बुटांवरच्या चिखलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नवऱ्यासाठी. लेऑन. वेगळे झालोय आम्ही. कोर्टानं त्याला घरापासून पाचशे मीटर लांब राहायला सांगितलंय."

"मग?"

"तो मीटर मोजत नाही."

हुब शेडमधून तीन बेल्जियन मॅलिनॉइस कुत्रे घेऊन आला, त्यांना खुंटांना बांधलं, आणि त्यांच्या मागे पत्र्याची बादली दाणकन आपटली. सेझारनं बादलीवरच झडप घातली. नीरो शेपूट पायांत घालून दोरीच्या टोकाला गेला. तिसरा, डोरुस, जागेवरच उभा राहिला आणि त्यानं हुबच्या तोंडाकडे पाहिलं.

"हा," लिडविन म्हणाली.

"का?"

"तो विचारतो."

हुब खूश झाला. "बरोबर बघितलंत. याला परवानगीशिवाय शिंकसुद्धा येत नाही."

त्या क्षणी आम्हा तिघांनाही हा गुण वाटला.

वसंतात काम झकास चाललं. मी आरडाओरडा करत काठी घेऊन धावून यायचो, डोरुस माझा डावा हात धरायचा, हुब 'सोड' म्हणाला की सोडायचा. एका शनिवारी बाकावर बसलेली लिडविन मध्येच म्हणाली, "तो असा येत नाही."

"कसा येतो?" मी विचारलं.

"हळू. हसत. दारात कोट काढतो, नीट घडी घालून हातावर ठेवतो. माफी मागतो. कॉफी मागतो. मग मागे उभा राहून माझ्या मानेवर हात ठेवतो. मऊच ठेवतो. तिथून पुढे मग उशीर झालेला असतो."

"आणि तुम्ही काय करता?"

"माझा आवाज जातो."

हुबनं टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, कुत्रा तुम्ही 'धर' म्हटल्याशिवाय धरणार नाही. कायदाही तेच म्हणतो आणि मीही. आपण होऊन चावणारा कुत्रा मी लहान मुलीच्या घरात देत नाही. म्हणजे शिकायचंय ते तुम्हाला."

तेव्हापासून शिकवणी लिडविनची सुरू झाली. क्लबातल्या खाटीक सेफनं आधी लेऑन करून पाहिला. "माफ कर गं," हे त्यानं 'किमा किती देऊ' अशा सुरात म्हटलं. लिडविन हसली. तिला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. क्लबातला तिसरा माणूस ट्रक चालवायचा. त्याला हळू बोलणं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

"मास्तर, तूच कर," हुब म्हणाला. "पालकसभेत नापास पोराच्या आईशी बोलतोस ना, तसं बोल."

म्हणून दर शनिवारी मी लेऑन झालो. जाड पोशाख घालायचा नाही, असं हुबनं ठरवलं. पोशाख बघून चावणारा कुत्रा रस्त्यावरच्या साध्या माणसाला चाटत बसतो, हे त्यानं आयुष्यात बऱ्याचदा पाहिलं होतं. मी साध्या कोटाखाली डाव्या हाताला चामड्याची बाही बांधायचो. हुबनं ती एक चूक मोठ्या हुशारीनं टाळली. माणूस बदलत राहायचा, हाही नियमच आहे. पण आमच्याकडे माणसं तीन आणि हळू आवाज एक.

लिडविन मला दुरुस्त करायची. "आणखी हळू. 'चुकलो' म्हणताना खाली बघू नका, तो डोळ्यांत बघतो." एकदा मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि ती म्हणाली, "आता बरोबर." तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. मला, सांगायला लाज वाटते, शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

सात आठवडे तिच्या तोंडून 'धर' निघाला नाही. डोरुस तिच्याकडे बघत थरथरत उभा असायचा. आठव्या आठवड्यात कुजबुज झाली. जूनमध्ये ती बोलली, आणि शब्द पुरता व्हायच्या आत डोरुस माझ्या हाताला लटकत होता. हुबनं सगळ्यांना बिअर पाजली.

ऑगस्टअखेर कुत्रा तिच्या घरी गेला. शेवटचा टप्पा घरातला: मी न कळवता जायचं, दार वाजवायचं, लेऑन व्हायचं. दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिनं स्पष्ट 'धर' म्हटलं. तिसऱ्यांदा सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी अकराला गेलो. मौड पोहायला गेली होती.

दार एका माणसानं उघडलं.

"या या," तो म्हणाला. "लिडविन, कुणीतरी आलंय गं तुझ्याकडे. मी लेऑन."

"मी योप," मी म्हणालो.

चार महिने मी या माणसाची नक्कल करत होतो, आणि ती साफ चुकली होती. मी त्याला जरा जास्तच दुष्ट केला होता. हा तर आमच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून खपला असता.

लिडविन स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, हात मांडीवर. तो तासाभरापूर्वी आला होता, हे मला नंतर कळलं. तिनं दार उघडलं, त्यानं माफी मागितली, तिचा आवाज गेला. डोरुसनं तिच्याकडे पाहिलं, हुकूम आला नाही, तेव्हा तो खाली बसला. परीक्षेत याला पूर्ण गुण असतात.

लेऑननं मला कॉफी दिली. मी बसलो तसा डोरुस उठला आणि माझ्याकडे एकटक बघू लागला. त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले.

"कमाल आहे," लेऑन म्हणाला. "माझ्याशी अगदी गोडीत होता. कुत्र्यांना माणूस कळतो म्हणतात."

"लेऑन, तुम्हाला इथे यायची परवानगी नाही."

"हिनंच तर आत घेतलं. हो ना गं?"

"हो," लिडविन म्हणाली.

तो उठून तिच्या खुर्चीमागे गेला आणि त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला. मऊच. मी तिच्याकडे पाहिलं. बोला, बाई. मनातल्या मनात मी एवढंच म्हणत होतो. एवढ्याचसाठी तर सगळं केलं.

"धर," ती म्हणाली. मोठ्यानं. तिच्या आवाजात काही थरथर नव्हती.

डोरुस टेबलावरून आला. माझ्यावर.

चूक कुणाची म्हणावी? त्याच्या आयुष्यात हळू आवाजाचा, कोट काढणारा, धरायचा माणूस एकच होता, आणि तो समोर कॉफी पीत बसला होता. बाही बांधलेला डावा हात टेबलाखाली होता. वर होता तो कपाचा हात. त्यानं तो धरला, तोंड भरून, न गुरगुरता, आमच्या हुबच्या कुत्र्यांची ख्याती आहे तसा.

"सोड! सोड!" लिडविन ओरडली. त्यानं लगेच सोडलं आणि तो खाली बसून तिच्या तोंडाकडे बघू लागला.

लेऑननं टॉवेल घट्ट गुंडाळला, मला गाडीत घातलं, इस्पितळात नेलं. "हात वर धरा, योप. श्वास घ्या. पोचलोच." पोलिसांनाही त्यानंच फोन केला. त्याचा जबाब इतका नीटनेटका होता की शिपाई आभार मानून गेला. कोर्टाचा हुकूम मोडल्याची नोंद झाली. घरात लहान मूल असताना धोकादायक कुत्रा पाळल्याचीही झाली. डोरुसला नगरपालिकेनं नेलं. तिथून असे कुत्रे परत येत नाहीत.

हुब दुसऱ्या दिवशी आला. शिरा जोडलेला माझा हात बराच वेळ बघत बसला.

"कुत्रा चुकला नाही," तो म्हणाला.

"मग कोण?"

"तू लेऑन फार चांगला झालास, मास्तर." आणि रुमाल काढून त्यानं नाक शिंकरलं, खूप वेळ.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला लिडविन आली. हातात द्राक्षांची पिशवी. "त्यानं दिलीत. खाली गाडीत थांबलाय."

"मौड?"

"बहिणीकडे. तिनं नुकतंच घर बदललंय, पत्ता त्याला माहीत नाही." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "मी म्हटलं ना?"

"म्हटलंत. अगदी स्पष्ट."

"त्याचा हात मानेवर असताना."

"हो."

तिनं मान हलवली. मी सांगितलं की डावीकडे, इस्पितळाच्या धुलाईखान्यापलीकडे, मागचं दार आहे, तिथून स्टेशनची बस मिळते. तिनं कोटाची बटणं लावली, पिशवी टेबलावर ठेवली, आणि गेली. डावीकडे गेली की उजवीकडे, ते पलंगावरून दिसत नव्हतं.

अर्ध्या तासानं दारात लेऑन.

"लिडविन?"

"इथेच कुठेतरी असेल. बसा ना."

तो बसला. मी त्याला त्याच्या कामाविषयी विचारलं, मग लहानपणाविषयी, मग वडिलांविषयी. स्वतःविषयी बोलायला त्याला आवडत होतं. मध्ये उठून त्यानं माझ्यासाठी द्राक्षं धुतली. मी विचारत गेलो. साडेपाचला त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.