व्हर्लीनवर काय उतरलं

ओझेला टार्पलीच्या हातांवर माउंट गिलियड या काळ्या माणसांच्या चर्चमधल्या सगळ्यांचा भरवसा होता. पाद्री एल्डर मॅब्रींच्या प्रवचनावर नसेल एवढा होता म्हणा ना. रविवारी पियानो तापला, डफ वाजायला लागले आणि बाकांमधून कुणी उठून थरथरायला लागलं, की पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घातलेली ओझेला तिथे हजर. आधी चष्मा काढायचा, मग केसांतल्या पिना, मग दोन्ही हातांचं कडं करून त्या माणसाभोवती उभं राहायचं. त्याला अडवायचं नाही, आवळायचं नाही, फक्त आपटू द्यायचं नाही. पवित्र आत्मा उतरला की माणसाला स्वतःचं भान राहत नाही. ते चर्चच्या नर्सने ठेवायचं. वीसेक वर्षांत ओझेलाने म्हाताऱ्या सांभाळल्या, लेकुरवाळ्या सांभाळल्या, धक्क्यावरचे बैलासारखे हमाल सांभाळले. खुद्द एल्डर मॅब्री तरुणपणी एका उन्हाळ्यात आत्मा उतरून जमिनीवर लोळले, तेव्हा त्यांच्या डोक्याखाली हात होता तो ओझेलाचाच.

आणि हिची स्वतःची पोर मात्र कोरडी ठणठणीत.

व्हर्लीन सतरा वर्षांची. दोन वर्षं झाली, ती दर रविवारी वेदीपुढच्या बाकाशी गुडघे टेकून वाट पाहत होती. वाट पाहायची म्हणजे येशूचं नाव घेत राहायचं, जीभ जड होईपर्यंत. शेजारी बसलेल्या बाया कानाशी लागून सांगत राहतात, सोड पोरी, सोड स्वतःला. व्हर्लीनच्या मागून आलेल्या शेंबड्या पोरी तासाभरात नाचत उठून गेल्या. ही आपली गुडघे चोळत घरी. हेलेना गावातल्या बायांना तोंडं काही कमी नाहीत. नर्सच्या घरीच आजार, असं कुणीतरी म्हणालंच. ओझेलाने ते हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन भांडी जरा जोरातच घासली.

बोलण्याचं दुःख नव्हतं तिला. भीती वेगळीच होती. आमच्याकडे ज्याच्यावर आत्मा उतरला नाही तो तरला नाही, इतका सरळ हिशेब. ओझेलाचा नवरा मिसिसिपी नदीत गाळ उपसणाऱ्या होडीवरून पडून गेला, पण तरलेला होता. तो पलीकडे भेटणार याबद्दल तिला शंका नव्हती. आपण दोघं तिथे भेटू आणि तो विचारेल, पोरगी कुठे आहे, तर काय सांगायचं त्याला?

त्या बुधवारी ओझेला कामाला जायची त्या लाँड्रीतला बॉयलर बिघडला आणि बायांना चार वाजताच सुट्टी मिळाली. ओझेला घराशी आली तर आतून पियानो दणदणत होता, टाळ्या पडत होत्या, आणि कुणी गाणारा गळा फाटेस्तोवर हाका मारत होता. चार वाजता रेडिओवर भजनं लागतात हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक. ओझेला मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

व्हर्लीन बटाटे सोलता सोलता उठली असावी. डोळे मिटलेले, चेहरा ओला, हात वर, आणि पाय असे चाललेले की फळ्यांची जमीन दणाणत होती. ओझेलाने हातातली पिशवी टाकली. चष्मा काढला, पिना काढल्या, हातांचं कडं केलं. व्हर्लीनने एकदा डोळे उघडले, ममा म्हणाली, आणि थांबायच्या ऐवजी तिच्या छातीवर कोसळून हमसाहमशी रडली. ओझेला तिच्याहून मोठ्याने. दोन वर्षांचं साचलेलं सगळं त्या स्वयंपाकघरात वाहून गेलं.

डोक्यावर टोपीही न घालता ओझेला शेजारच्या ल्युबर्थाकडे धावली. आता ल्युबर्थाला सांगितलं म्हणजे वर्तमानपत्रात द्यायची गरज नाही. संध्याकाळपर्यंत अर्धं चर्च दारात होतं, कुणी तळलेली कोंबडी आणली, कुणी रताळ्याची गोड पाई. सगळ्यांनी व्हर्लीनला कवटाळलं. ती गप्पच होती. नवीन नवीन उतरला की वाचा बसते, असं ल्युबर्थाने जाहीर केलं, आणि रविवारी व्हर्लीन चर्चपुढे उभी राहून आत्मा कसा उतरला त्याची साक्ष देणार हेही एल्डर मॅब्रींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओझेला कॉफी ओतत असताना, व्हर्लीन म्हणाली, "ममा, ते भजन नव्हतं."

रेडिओवाल्यांनी त्या आठवड्यापासून भजनं सकाळी नेली होती. चार वाजता आता रॉक अँड रोल लागायचं. कुणी पोरगा होता, त्याची पोरगी त्याला सोडून गेली होती, आणि तो तिला परत बोलावत होता. इतकंच गाणं. गाणारा आपल्यासारख्याच चर्चमध्ये वाढलाय म्हणतात, व्हर्लीनने खाली बघत सांगितलं.

ओझेलाने किटली खाली ठेवली. "मग कालच का नाही बोललीस?"

"तू इतकी खुशीत होतीस. आणि मलाच कळत नाही गं. मला वाटलं, हेच असेल. चर्चमध्ये मी आत काही हलतंय का बघत बसते, आणि काही हलत नाही. काल मी काहीच बघत नव्हते. एकदम डॅडी आठवला, आणि मग मी कुठे होते मला माहीत नाही."

"माझे हात फसत नाहीत," ओझेला म्हणाली. "किती जणांना सांभाळलंय मी. सोंग घेतलेला मला बोट लावल्याबरोबर कळतो. तुझं सोंग नव्हतं."

"नव्हतंच."

"मग सैतान होता असं म्हणू?"

"तुझ्या हातांना विचार," व्हर्लीन म्हणाली. उद्धटपणे नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ओझेला दिवसभर इस्त्री फिरवत राहिली आणि एका साहेबाच्या शर्टाची कॉलर जाळून बसली. हात सांगत होते, तोच होता. मान ढिली पडते तशी पडली होती, घाम तसाच गार होता, वजन तसंच सगळं अंगावर आलं होतं. पण पवित्र आत्मा पोरगी पळालेल्या पोराच्या रडगाण्यावर बसून का येईल? त्याला दुसरं वाहन मिळेना? आणि तो नव्हता म्हणावं, तर जो होता त्याला हुबेहूब त्याच्यासारखं यायला शिकवलं कुणी?

शुक्रवारी गोंधळात भर पडली ती हार्गिसबाईंच्या घरी. मोठ्या टेकडीवरची गोरी माणसं, प्रेस्बिटेरियन. त्यांच्या चर्चमध्ये खोकलासुद्धा परवानगी घेऊन काढतात. ओझेला लाँड्रीतले धुतलेले कपडे पोचवायला मागच्या दाराशी गेली, तर हार्गिसबाईंनी तिला आत ओढलं आणि जिन्यावरून वर दाखवलं. खोलीचं दार अर्धं उघडं. रेडिओवर तेच गाणं. आणि हार्गिसबाईंची पेगी, पंधरा वर्षांची, डोळे मिटून, हात वर करून, गालांवर पाणी.

"रोज चार वाजता हे असं," हार्गिसबाई कुजबुजल्या. "डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. ओझेला, तुमच्या लोकांत चर्चमध्ये अंगात येतं म्हणे. ते असंच असतं का गं? खरं सांग."

ओझेलाचे हात आपोआप पुढे झाले होते. पोरीचा चष्मा नाकावरून घसरत होता. पण ते घर तिचं नव्हतं आणि ती पोर तिची नव्हती; गोऱ्यांच्या पोरीला असं कवटाळलेलं कुणी पाहिलं असतं तर काय झालं असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने हात ॲप्रनमध्ये गुंडाळले.

"दिसतं तरी तसंच, बाईसाहेब," ती म्हणाली. "पुढचं मला नाही माहीत."

"मग ते जातं कसं?"

"आम्ही जाऊ देत नाही. आम्ही ते यावं म्हणून रडतो." टेकडी उतरताना ओझेलाचं डोकं पार भणाणून गेलं. आमच्या पोरी दोन दोन वर्षं गुडघे फोडतात, आणि तो असा न बोलावता टेकडीवर, प्रेस्बिटेरियनांच्या घरी? तिला रागही आला आणि हसूही.

शनिवारी ती एल्डर मॅब्रींकडे गेली. सगळं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं की खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ओळखायचं कसं. एल्डर रेडिओवरच्या नव्या गाण्यांवर आधीच तापलेले होते. सैतानाने आमच्या चाली चोरल्या, त्यांना तंग विजार चढवली आणि बाजारात उभं केलं, असं ते म्हणाले. ओझेलाने विचारलं, चाल आपलीच असेल तर पाय तिला ओळखणार नाहीत कसे? त्यावर एल्डरनी घड्याळ पाहिलं आणि प्रार्थना करायला सांगितलं. तिने केली.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. व्हर्लीन पांढऱ्या झग्यात पुढे उभी राहिली. काय बोलणार ते तिने घरी सांगितलं नव्हतं, आणि ओझेलाने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तीच पोरीला गप्प बस म्हणाली असती, आणि तेवढं तिला करायचं नव्हतं.

व्हर्लीनने जसं घडलं तसं सांगितलं. रेडिओ, गाणं, बटाटे, डॅडी. बायांच्या हातातले पंखे हलायचे थांबले. मागून कुणीतरी हाय रे देवा म्हणालं. ल्युबर्थाने कपाळ धरलं. तिने आणलेली कोंबडी खाऊन झाली होती ना.

एल्डर मॅब्रींनी पोरीवर आवाज चढवला नाही. ते ओझेलाकडे वळले. हा माणूस वाईट नव्हता. त्यालाही कुणीतरी सांगायला हवं होतं.

"सिस्टर टार्पली, तुम्ही तिला सांभाळलंत. तुमचे हात आम्ही सगळे मानतो. आता चर्चपुढे सांगा, तो होता की नव्हता?"

ओझेला भिंतीपाशी उभी होती, नर्सच्या जागेवर. 'होता' एवढा एक शब्द बोलली असती तर पोरगी तरली असती. 'नव्हता' एवढा एक शब्द बोलली असती तर स्वतःची वीस वर्षं वाचली असती. पण ते दोन शब्द वेगवेगळे होते. तिने बाकांवर नजर फिरवली. यातली कितीतरी माणसं तिच्या हातांत ढिली पडली होती.

"मला माहीत नाही, एल्डर," ती म्हणाली. "हातांना काही फरक लागला नाही. तिचं खोटं म्हणायचं तर मग मला या कुणाचंच सांगता येणार नाही. तुमचंसुद्धा नाही."

पियानोवाल्याने हात मांडीवर ठेवले. एल्डर मॅब्रींचा चेहरा आधी तापला, मग उतरला. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि तुमचं स्वतःचं, सिस्टर?"

चौदा वर्षांची असताना, झाडांच्या फांद्यांच्या मांडवाखाली, पत्र्याचं घंगाळ बडवणाऱ्या काकाच्या ठेक्यावर तिच्यावर तो उतरला होता. त्यावरच तिने सगळं उभं केलं होतं, लग्न, वैधव्य, हे हातमोजे. ते घंगाळच तेवढं तिच्या कानात वाजायला लागलं. ओझेलाने हातमोजे उतरवले आणि ती आपल्या उघड्या तळव्यांकडे बघू लागली.

व्हर्लीन पुढून धावत आली. चर्चपुढे उभी राहून ती घाबरली नव्हती, आईचा चेहरा बघून घाबरली. तिने आईचे दोन्ही हात पकडले.

"ममा, तुझं खरं होतं," ती म्हणाली. "मी शपथेवर सांगते. मी लहानपणापासून तुला पाहिलंय ना."

ओझेलाने तिच्याकडे पाहिलं.

"पोरी," ती म्हणाली, "मीसुद्धा तुला पाहिलंच होतं की गं, त्या बुधवारी."