भोपळ्याची गाठ

"हात वर करा," शेवंताबाई म्हणाली आणि तिनं सिद्रामच्या छातीभोवती सुंभाचा दुसरा वेढा आवळला. वाळका भोपळा त्याच्या पाठीवर घट्ट बसला.

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर त्या सकाळी तीन-चार गोरे, एक कुत्रं आणि निपाणीचं हे जोडपं, एवढीच वस्ती होती. गोरे हसत होते. पंचेचाळिशीचा माणूस, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, पाठीवर भोपळा आणि काखेत सावरीच्या हलक्या लाकडाची लांब फळी. खोटं कशाला बोला, मी तिथं असतो तर मीही हसलो असतो.

"शेवंता, लोकं बघाय लागल्यात गं."

"बघू द्यात. भोपळा न्हाय तर फळीबी न्हाय. ठरलंय आपलं."

ठरलं होतं खरं. सिद्राम निपाणीच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होता. पहाटे चावी फिरवून गावाला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. पाच वर्षांपूर्वी, सत्याहत्तर साली, तो खात्यातल्या लोकांबरोबर इथं सहलीला आला होता. तेव्हा एक गोरा फळीवर ताठ उभा राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येताना त्यानं पाहिला आणि त्याला वेडच लागलं. त्यानं सुताराकडून फळी करवून घेतली. दुधगंगेच्या पुरात तो तिच्यावर पालथा पडून तरंगला, पण उभं राहायला नदीला लाट कुठली? गल्लीत त्याचं नाव 'फळीमास्तर' पडलं. कालच एसटीच्या टपावर फळी चढवताना कंडक्टरनं विचारलं होतं, "तिरडी कुणाची ओ?" सिद्रामनं दोराला आणखी एक वेढा दिला होता.

बायकोला त्यानं कारण एकदाच सांगितलं होतं. "ल्हानपणी नदीवर आमचा घाट सगळ्यात खाली, म्हशींच्याबी खाली. वरच्यांनी धुऊन झालेलं पाणी आमच्याकडं यायचं. समुद्राला वरचा घाट न्हाय, खालचा न्हाय. तितं मला एकदा हुबं ऱ्हायाचंय. आन् ते तू बघायचं."

शेवंताबाईला मात्र पाण्याची धास्ती होती. तिचा थोरला भाऊ यल्लाप्पा भोपळा न बांधता पुरात उतरला आणि परत आला नाही. तेव्हापासून तिनं वाहत्या पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. भोपळा बांधलेला माणूस बुडत नाही, एवढंच ती धरून बसली होती. त्यात तीस वर्षं बिड्या वळून तिच्या बोटांत गाठ मुरलेली. तिनं मारलेली गाठ तिच्याशिवाय कुणाला सुटत नसे, सिद्रामला तर नाहीच नाही.

पहिल्याच मोठ्या लाटेनं घात केला. गोरे लाट आली की फळीसकट तिच्याखालून बुडी मारून पलीकडे निघत होते. सिद्रामला बुडीच मारता येईना. भोपळा त्याला वर ढकलायचा आणि वर आला की लाट त्याला उचलून आपटायची. फळी हातातून सुटली. एकदा तो आपटला आणि उठला. दुसऱ्यांदा आपटला तो उठलाच नाही. पाण्यावर नुसता भोपळा दिसत होता. सिद्राम त्याच्याखाली पालथा होता, तोंड पाण्यात.

आपलीच गाठ त्याला बुडवतेय, हे शेवंताबाईला लख्ख कळलं.

"सोडा! अवो, सोडा त्यो भोपळा!"

तो कसा सोडणार? तिला का हे माहीत नव्हतं? एक गोरा धावला, पण तो लांब होता. शेवंताबाईनं लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात शिरली. गुडघाभर, मग कमरेइतक्या पाण्यात. पुढच्या लाटेनं सिद्रामला तिच्याकडे लोटलं तसा तिनं भोपळा धरून त्याला उताणा केला. सुंभ भिजून फुगला होता. कुठला पेच आधी सोडायचा ते बोटांना ठाऊक होतं, पण पेच नखांत येईना. शेवटी तिनं दात लावले. गाठ सुटली.

वाळूवर सिद्राम बराच वेळ खोकत, पाणी ओकत बसला. गोऱ्यानं फळी आणून शेजारी ठेवली. आता कुणी हसत नव्हतं. सिद्रामनं फळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चल. झालं माझं."

'चला' म्हणावं, असं शेवंताबाईला जिवापासून वाटलं. एसटी पकडावी, घर गाठावं, फळी चुलीत घालावी. पण ज्या आवाजात तो बोलला, त्या आवाजाबरोबर उरलेला जन्म काढायचा, याचं तिला जास्त भय वाटलं.

"जावा," ती म्हणाली.

"कुठं?"

"तिकडं, आत. भोपळा ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ."

सिद्रामनं फळी उचलली. "बघशील न्हवं?"

"मग काय डोळं मिटून बसतीय व्हय?"

तो गेला. पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. डोकं दिसेनासं झालं की ती पदर दातांत धरायची आणि दिसलं की सोडायची. ऊन चढलं. मग एका लाटेवर तो गुडघ्यावर आला, एक पाय पुढे टाकला आणि उभा राहिला. चिखलातल्या बांधावरून चालावं तसा, हात पसरून, वाकडातिकडा, पण उभा. एक बिडी वळून होईल एवढाही वेळ नाही. मग धपकन कोसळला.

डोकं वर आलं. "बघितलंस काय गं?"

"बघितलं!" शेवंताबाई ओरडली. भोपळा कमरेवर धरून ती उभी होती. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतं आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेत होतं. तिनं पाय मागे घेतला नाही.