मधल्या काचेतून ऐकलेलं

यावर तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि बसू देऊही नका. माझी बायको तर लग्न झाल्यापासून माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करूनच ऐकायची. पण त्या दिवशी मी रुग्णवाहिका अशी हाकली, की रस्त्यातले खड्डे आपणहून कडेला सरकले. एका म्हशीने तर शिंगं रोखून समोरचा ट्रक थोपवून धरला.

गाडीत मागे तीच होती, माझी बायको. श्वास तिचा तिला घेता येत नव्हता. डब्याएवढा फिरता व्हेंटिलेटर स्ट्रेचरच्या पायथ्याशी पट्ट्याने बांधलेला, शेजारी सिस्टर आणि आमची लेक. मोठं हॉस्पिटल येईपर्यंत यंत्राने दम धरावा, एवढंच मागणं. जन्मभर याच गाडीतून परक्यांना पोचवलं, तेव्हा हे यंत्र कधी कुरकुरलं नाही. त्या दिवशी पुलावर कोकलायला लागलं आणि गप्पच झालं. सिस्टरने ते सोडवून हाताने दाबायची रबरी पिशवी जोडली, ती लेकीच्या हातात दिली, आणि स्वतः यंत्राशी झटू लागली. लेक हॉस्पिटलच्या दारापर्यंत दाबत राहिली. संध्याकाळी बायको गेली.

डॉक्टरांनी समजावलं, फुप्फुसंच संपली होती, पिशवीत काही उणं नव्हतं. लेकीला पटलं नाही. आपलाच हात दमला, आपलीच लय चुकली, हे तिने घट्ट धरून ठेवलंय. माहेरी आली की स्वतःच्या तळहातांकडे बघत बसते, समोरचा चहा निवून जातो.

म्हणून काल जावयासमोर मी मुद्दामच हा विषय काढला. खड्डे सरकले तेव्हा जावई हसला. म्हशीला लेकही ओठांतल्या ओठांत हसली. मग काय, मला चेव चढला. म्हटलं, माझ्या सीटमागची मधली काच उघडी होती, मी या कानांनी ऐकलं. तुझी आई म्हणत होती, "अहो, सावकाश चालवा, घाई कसली? पोरीचा हात छान चाललाय. मला जरासुद्धा त्रास नाही."

जावयाने मान खाली घातली. लेक माझ्याकडे वळली.

"बाबा, आईच्या घशात नळी होती," ती म्हणाली. "नळी असली की माणसाला बोलता येत नाही, हे निघताना तुम्हीच मला सांगितलं होतंत."